पॅनेल भिंतीला चिकटवायचं, पण कशानं?

ठाण्यातल्या आमच्या घराचा हॉल अरुंद आहे. टीव्हीमागच्या भिंतीवर लॅमिनेटची पॅनेलं बसवायची ठरली तेव्हा सुतारकाकांनी सवयीनं आधी लाकडी पट्ट्यांची फ्रेम सांगितली. फ्रेम आणि तिच्यावर पॅनेल म्हणजे दीड-दोन इंच जागा गेलीच. सोफा आणि टीव्ही यांच्यामधून आत्ताच माणूस जेमतेम जातो. मला पॅनेलं थेट भिंतीला हवी होती. काका म्हणाले, "मग ताई, गोंदाचं तुमचं तुम्ही बघा. उद्या पडलं तर माझ्या नावानं ओरडू नका."

दुकानात जाऊन 'सगळ्यात पक्का गोंद कुठला' असं विचारलं की सगळ्यात महागाचा डबा पुढे येतो. मी आधी वजनाचा हिशेब मांडला. पॅनेल 8 बाय 2 फुटांचं, 12 मिमी एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला पाट), दोन्ही बाजूंना 1 मिमी लॅमिनेट. दोन्ही बाजूंना अशासाठी की एकाच बाजूला लावलं तर उघडी बाजू दमट हवेत फुगते आणि पाट बाक धरतो. एका पॅनेलचं वजन साधारण 18 किलो. मागे वरपासून खालपर्यंत गोंदाच्या चार रेघा ओढल्या आणि दाबल्यावर प्रत्येक रेघ सेंटीमीटरभर पसरली, तर चिकटलेली जागा हजार चौरस सेंटीमीटरच्या आसपास होते. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर भार आला 18 ग्रॅमचा. एवढं ओझं बाजारातला कुठलाही बरा गोंद पेलतो. पक्का कुठला, हा प्रश्न तिथंच निकालात निघाला. खरे प्रश्न दोनच उरले: गोंद वाळणार कसा, आणि तो भिंतीवरच्या नेमक्या कशाला धरणार?

पांढरा गोंद, ज्याला आपण डोळे झाकून फेविकॉल म्हणतो, तो त्यातलं पाणी निघून गेल्यावरच धरतो. प्लायवर सनमायका बसवताना ते पाणी लाकूड पिऊन टाकतं. माझ्या पॅनेलच्या पाठीला मात्र लॅमिनेट, म्हणजे पाण्याला त्या बाजूनं वाटच नाही, आणि भिंतीवर ऑइल पेंट असेल तर त्याही बाजूनं नाही. काकांना हे तोंडी पटेना. म्हणून सोफ्यामागच्या कोपऱ्यात, जिथं कुणाचं लक्ष जात नाही, तिथं पॅनेलचे वीतभर तुकडे वेगवेगळ्या गोंदांनी लावून ठेवले. आठवडा उलटल्यावर काकांनी पटाशीनं एकेक उचकटला. पांढऱ्या गोंदाचा तुकडा अलगद हातात आला. कडेला बोटभर पट्टी वाळून काचेसारखी पारदर्शक झाली होती, आणि मधे गोंद जसाच्या तसा, साईसारखा ओला. काकांनी त्यात बोट फिरवलं, बनियनला पुसलं आणि काही बोलले नाहीत. यात गोंदाचा काही दोष नाही, ते त्याचं कामच नव्हे.

रबरी गोंद, तो पिवळसर, उग्र वासाचा, दोन्ही अंगांना लावून हाताला चिकटेनासा झाला की मग जोडायचा. चिकटला की चिकटला. नंतर सुतभरही, म्हणजे इंचाचा आठवा भागही, सरकवता येत नाही. आठ फुटी पॅनेल ओळंब्यात आणायचं तर ही मोठीच अडचण. शिवाय तो खड्डा भरत नाही. भिंतीला फंटी, म्हणजे लांब सरळ पट्टी, लावून पाहिली तर मधे दोन सुताचा झोल होता, आणि रबरी गोंदाचा तुकडा फक्त उंचवट्यांवर धरला होता. त्याची वाफ पेट घेते हे वेगळंच. आमच्या हॉलमध्येच देव्हारा, सकाळ-संध्याकाळ दिवा.

सिलिकॉनमध्ये व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार सिमेंटच्या भिंतीला नकोच, त्यातलं आम्ल सिमेंटमधल्या चुन्याशी भांडतं. बिनवासाचा चालतो, पण तो मला दरजा बुजवायला बरा वाटतो. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन गोंदाचा तुकडा घट्ट बसला होता, फक्त वाळताना फुगून त्यानं तुकड्याची एक कड उचलली होती. उरला एमएस पॉलिमर, गनमध्ये घालून मारायचा. हा हवेतली ओल घेऊन घट्ट होतो, वाळल्यावरही थोडा लवचिक राहतो आणि दोन-तीन मिमीची फट आरामात भरतो. काकांनी त्याचा तुकडा उचकटला तेव्हा गोंद सुटलाच नाही. तुकड्याबरोबर भिंतीचा रंग आणि पुट्टीचा पापुद्रा निघून आला.

खरं दुखणं कळलं ते तिथं. गोंद रंगाला धरतो, रंग पुट्टीला, पुट्टी प्लास्टरला, आणि यातलं जे सगळ्यात कच्चं तेच सुटतं. आमच्या भिंतीवर मागच्या मालकाचं डिस्टेंपर, म्हणजे पाण्यात कालवायचा स्वस्त रंग, होतं, त्यावर आमचा रंग. कटरनं चौकटी पाडून टेप चिकटवून ओढली तर टेपला खडूसारखी भुकटी आली. मग जिथं गोंदाच्या रेघा येणार तिथं उभे पट्टे प्लास्टर लागेपर्यंत खरवडून घेतले. घरभर धूळ झाली, सासूबाईंनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. दोन सुताचा झोल सिमेंटनं भरून वाळू दिला.

या भिंतीमागे बाथरूम आहे, म्हणून ओल बघणं भागच होतं. जाड प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेप मारून भिंतीला लावून ठेवला. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले की भिंत पाणी सोडतेय असं समजायचं. पावसाळ्यात लावला तेव्हा तळाशी धुकं धरलं होतं. दसऱ्यानंतर पुन्हा लावला तर कोरडा ठाक. काम तेव्हाच सुरू केलं.

रेघा उभ्याच मारायच्या. आडव्या मारल्या तर मधे हवा खेळत नाही, आणि एमएस पॉलिमरला वाळायला हवाच लागते. गोल गोल गोळेही नकोत. नोझल इंग्रजी व्हीसारखं कापलं की रेघ त्रिकोणी, उंच पडते आणि दाबल्यावर नीट पसरते. 8 मिमीची रेघ धरली तर 290 मिलीच्या ट्यूबमध्ये नऊ मीटर होते, म्हणजे एका पॅनेलला एक ट्यूब किंचित कमीच पडते. रेघांच्या मधे 3 मिमी जाडीचा दुहेरी फोम टेप लावला होता. गोंद वाळेपर्यंत पॅनेल तो धरून ठेवतो आणि फटही सारखी राहते. हा गोंद दिवसाला दोन-तीन मिमीच आत वाळत जातो, तेव्हा पहिल्या रात्री कुणी टेकू नये म्हणून मी सोफा आडवा लावून ठेवला.

काकांनी आपला हेका शेवटपर्यंत सोडला नाही. तळाशी भिंतीत गिट्ट्या (स्क्रू धरायच्या खुंट्या) ठोकून ॲल्युमिनियमचा बारीक अँगल मारलाच, पॅनेलं त्यावर टेकली आहेत आणि स्कर्टिंगमागे तो दिसतही नाही. "गोंदाला झोप लागली तर हा जागा राहील," म्हणे. मी हो म्हटलं. भाचा त्याच भिंतीला पाठ लावून खेळतो. फरशीपासून दोन सूत फट ठेवली, पोछ्याचं पाणी एमडीएफला लागू नये म्हणून. स्विचबोर्डासाठी कापलेल्या कडांना रंग मारून घेतला.

टीव्हीच्या वायरींसाठी भिंतीत आधीच रुंद पाइप टाकून घेतला होता, त्यात ओढायची दोरीही सोडून ठेवली. कारण हा गोंद सोडवायचा म्हणजे मागून बारीक तार घालून करवतीसारखी ओढायची, आणि मग पॅनेलबरोबर प्लास्टरही खाली येतं.