बिअर घट्ट होती, गोड नव्हती

मी कोल्हापुरात एका लायसन्सवाल्या छोट्या ब्रुअरीत बिअर बनवायचं काम करतो. मोठ्या टाक्यांच्या शेजारी आमचा एक २० लिटरचा बारका सेट आहे, हौशी लोक घरी वापरतात तसलाच, एक मॅशचं पातेलं (मॅश म्हणजे माल्ट, मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर काढणं), एक उकळायचं पातेलं आणि एक प्लास्टिकचा फर्मेंटर, म्हणजे यीस्ट घालून आंबवायचं भांडं. नवीन रेसिपी आधी त्याच्यावर करून बघायची. (आपल्याकडं १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळं घरात विनापरवाना बिअर करता येत नाही, ओळखीतल्या कुणी विचारलं की मी पहिलं हेच सांगतो.)

गोष्ट डिसेंबरातली. साडेचार किलो माल्ट घेतलेलं, निम्मं गव्हाचं निम्मं बार्लीचं. सुरवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे साखरेमुळं रस पाण्यापेक्षा किती जड झाला त्याचा आकडा, बरोब्बर १.०५० आली आणि मी खूश. मग यीस्टनं साखर खात खात ती १.०१२ च्या आसपास आणायला पाहिजे होती, पण शनिवारी हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती काचनळी) टाकला तर १.०२२ आणि बुडबुडे बंद. रात्रीची थंडी पडत होती, खोली १६ डिग्रीवर आलेली, म्हटलं यीस्ट गारठलं असणार. फर्मेंटरला गोधडी गुंडाळली, हळूच हलवून तळाचं यीस्ट वर आणलं, २१ डिग्रीपर्यंत नेलं. शिवाय रविवारी त्यातलीच एक ग्लासभर बिअर बाटलीत काढून तिच्यात मोठ्या टाकीतलं भरपूर ताजं यीस्ट घालून उबेला ठेवली.

मंगळवारी सकाळी दोन्ही मोजलं. फर्मेंटर १.०२२. बाटलीपण १.०२२.

मालक म्हणाले, "यीस्टच खराब आलंय, नवीन पाकीट मागवा." पण ताज्या यीस्टलापण जे खाता येईना त्यात नवं पाकीट काय करणार, हे मला पटत नव्हतं. तेवढ्यात आमच्या हेल्परनं हायड्रोमीटरच्या नळीतलं सँपल चाखलं. हा पोरगा करवीर तालुक्यातला, घरचं गुऱ्हाळ आहे, चुलते गुळव्या, काहीलीतला रस काकवीच्या पुढं गेला की नाही हे लहानपणापासून जिभेवर आणि बोटावर ओळखत आलेला. तो म्हणाला, "दादा, काकवीगत घट्ट लागतंय, पण गोडी कुठाय?"

मी परत चाखलं. खरंच. यीस्ट मधेच थांबलं असतं तर माल्टची साखर शिल्लक राहून बिअर गोड लागली असती. ही जड होती, तोंड भरत होतं, पण गोड नव्हती. म्हणजे उरलं होतं ते डेक्स्ट्रिन, स्टार्चचे मोठे तुकडे, यीस्टला न तुटणारे, आणि ते तयार होतं मॅशमध्येच, फर्मेंटरमध्ये नाही.

वही काढली. मॅश ६६ डिग्री, ६० मिनिटं, आयोडीन टेस्ट क्लीन, म्हणजे स्टार्च उरला नव्हता. माल्टमध्ये दोन एन्झाइम कामाचे असतात. बीटा अमायलेज यीस्टला खाता येईल अशी साखर काढतं आणि त्याला ६० ते ६५ ची ऊब मानवते, ७० च्या वर ते भराभर मरतं. दुसरं अल्फा अमायलेज, ते ७० लापण टिकतं, पण ते स्टार्च कसंही मधनंच तोडतं, मोठेमोठे तुकडे ठेवतं. मॅश जास्त गरम झाला तरी अल्फामुळं स्टार्च संपतो, आयोडीन काळंनिळं होत नाही, ग्रॅव्हिटीपण पूर्ण येते, म्हणून त्या दिवशी मला कशातच खोट दिसली नव्हती. पण वहीत तर ६६ होतं.

मग राहिला थर्मामीटर, पातेल्याच्या अंगाला बसवलेला काट्याचा. हेल्परला शेजारच्या ज्यूस सेंटरमधनं बर्फ आणायला पाठवलं, पान्यानं थर्मामीटर काढला, ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी तांब्यात ढवळून त्यात धरला. काटा शून्याच्या खाली जाऊन उणे पाचवर थांबला. उकळत्या पाण्यात धरला तर ९३. पोरगं म्हणालं, "सात डिग्रीचा फरक." म्हटलं नाही भावा, पाचच. आपण समुद्रापासून साडेपाचशे मीटरवर आहोत, कोल्हापुरात पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. हे लक्षात नसतं तर मी दोन डिग्री उलट्या बाजूला चुकलो असतो. म्हणजे माझा ६६ चा मॅश तासभर ७१ वर बसला होता. पोरगं जरा वेळ गप्प झालं आणि मग सांगितलं की आदल्या आठवड्यात धुताना पातेलं फरशीवर आपटलं होतं. त्याला मी काही बोललो नाही. न तपासता वापरला तो मी.

मालकांना सगळं सांगितलं, पाकिटाची ऑर्डर थांबवली. दुपारीच दुसरा थर्मामीटर बर्फात तपासून तीच रेसिपी परत लावली, या वेळी खरे ६५. गाळायला घेतलं तर नळी बंद, गव्हाला टरफल नसतं त्यामुळं लगदा चिकटून बसला. तोटी बंद केली, भात गिरणीतनं आणलेलं पाव किलो तूस गरम पाण्यात धुऊन लगद्यात कालवलं, दहा मिनिटं बसू दिलं आणि तोटी अगदी थोडी उघडली. घाईनं पूर्ण उघडली की सगळं परत खाली दाबून बसतं. रात्री साडेनऊला फर्मेंटर भरला.

आठव्या दिवशी १.०११. पहिलं सँपल पोराच्या हातात दिलं. चाखून म्हणाला, "आता हलकं लागतंय." तेव्हापासून मॅशच्या दिवशी तो मला न विचारता सकाळीच बर्फ घेऊन येतो.