चौऱ्याऐंशीव्या मिनिटाची शिट्टी

कोल्हापुरात फुटबॉलच्या नव्या पंचांना मी नियम शिकवतो. येणारी बहुतेक पोरं खेळून आलेली, त्यामुळं ऑफसाइड, हँडबॉल तोंडपाठ. गाडी अडते ती पंचाचे अधिकार आणि सामन्याची वेळ इथं. म्हणून त्या दिवशी पुस्तक मिटलं आणि वर्गाला थेट १९३० च्या पहिल्या विश्वचषकात नेलं.

१५ जुलै, माँटेव्हिडिओ. अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. ८१व्या मिनिटाला माँटीनं फ्री किकवर गोल केला. पुढं तीनच मिनिटांत फ्रान्सचा लांजिये चेंडू घेऊन गोलकडं सुटला, आणि ब्राझीलचे पंच अल्मेदा रेगो यांनी सामना संपल्याची शिट्टी मारली. सहा मिनिटं शिल्लक असताना! लोक मैदानात घुसले, फ्रेंच खेळाडू पंचांवर धावून गेले.

"आता पंच तुम्ही. बोला."

वर्ग पेटला. निम्मे म्हणाले, शिट्टी वाजली म्हणजे वाजली, माघार घेतली तर उद्या कोण ऐकणार? मला नेमकं हेच काढून टाकायचं असतं. रेगोंनी खेळाडूंना परत बोलावलं, उरलेली मिनिटं खेळवली. निकाल १–० च राहिला. आजच्या नियमानंही खेळाडूंना मैदानात परत आणता येतं. तो कमीपणा नाही.

विषय संपला असं वाटत होतं. तेवढ्यात एका शाळेत पी.टी. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "सर, वेळ परत दिली. पण तो गडी एकटा सुटला होता, त्याचं काय?"

फळ्यावर पेनल्टी एरिया, म्हणजे गोलसमोरची मोठी चौकट, काढला. चुकून शिट्टी वाजली की खेळ ड्रॉप बॉलनं, म्हणजे पंचानं हातातला चेंडू खाली टाकून, सुरू होतो. चेंडू या चौकटीबाहेर असेल, तर ज्यांच्याकडं होता त्यांच्याच एका खेळाडूसमोर टाकायचा, बाकी सगळे चार मीटर लांब. म्हणजे बचावफळीला परत जागेवर यायला निवांत वेळ. आणि चेंडू पेनल्टी एरियात असेल, तर तो मिळतो बचाव करणाऱ्या संघाच्या गोलकीपरला.

"म्हणजे चूक पंचाची आणि बॉल त्यांच्या कीपरला?" मागून कुणीतरी ओरडलंच.

हो. ड्रॉप बॉल ही भरपाई नव्हे, खेळ सुरू करायची रीत आहे. बाईंना पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या नियमावर माझंही प्रेम नाही. म्हणून तर घड्याळ दोन वेळा बघा म्हणून मी डोकं खातो.

वातावरण हलकं करायला त्याच स्पर्धेतले उलिसेस सॉसेदो सांगितले. बोलिव्हियाचे प्रशिक्षक, आणि अर्जेंटिना–मेक्सिको सामन्याचे पंचही तेच! फायनलला ते लाइन्समन, म्हणजे रेषेवरचे सहायक पंच, होते. पोरं खो खो हसली. आपल्या पेठांच्या सामन्यांत असं झालं तर काय होईल, हे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आलं असणार.

फायनलचे पंच बेल्जियमचे जॉन लांगेनुस. दोन्ही संघ आपापला चेंडू घेऊन अडून बसले, तेव्हा पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूनं आणि उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूनं झाला. पूर्वार्धात अर्जेंटिना २–१, शेवटी उरुग्वे ४–२. सामन्याआधी लांगेनुस यांनी सुरक्षेची हमी मागितली होती, आणि संपल्यावर निसटायला बंदरात जहाज तयार ठेवा असंही बजावलं होतं म्हणतात.

"जहाज कशाला सर," पहिल्या बाकावरचा म्हणाला, "आपल्याला मागच्या गेटला एक मोटरसायकल चालू करून ठेवली तरी पुष्कळ."