तुम्ही विचारलंत म्हणून: नावावरून वय

खिडकीपलीकडून बाई नुसतं ‘सुनीता’ म्हणतात आणि मी सत्तर-बहात्तरच्या प्रवेशांचं रजिस्टर काढायला उठते. “अहो, साल तर मी सांगितलंच नाही, तुम्हाला कसं कळलं?” हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा ठरलेला. घरच्या कार्यातही आता हा खेळ झालाय. कुणाला तरी पुढे ढकलतात आणि म्हणतात, हिचं वय सांग बघू नावावरून. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

मी पुण्यात, नदीजवळच्या एका पेठेतल्या मुलींच्या शाळेत लिपिक आहे. सव्वीस वर्षं झाली. शाळेत आलेल्या प्रत्येकीची नोंद असते ते जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात. एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, हरवली, नाहीतर पासपोर्टच्या वेळी जन्मतारीख जुळेना, की बायका पन्नाशीत-साठीत पुन्हा शाळेची पायरी चढतात. मग मी कपाट उघडते, धूळ झटकते आणि पानं उलटत बसते. इतकी वर्षं पानं उलटल्यावर नावांचे हंगाम कळायला लागतात. त्यात विद्या वगैरे काही नाही. भाजीवाल्याला मटार कधी येतो ते कळतं, तसंच.

सगळ्यात जुनी दोन रजिस्टरं आम्ही ‘पानशेतवाली’ म्हणतो. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, तेव्हा ती पाण्यात होती. नंतर कुणीतरी पान-पान सोडवून वाळवली. कडा तपकिरी, शाई पसरलेली. एखाद्या ओळीत नुसतं ‘गो’ आणि पुढे निळा डाग. पण पुढचं वाचायला लागत नाही, ती गोदावरीच असते. एकदाच चुकले, ती गोपिका निघाली. यमुना, द्वारका, कृष्णा, चंद्रभागा अशी सगळी तीर्थयात्रा त्या पानांवर आहे. मग कमल, विमल, कुसुम, सुमन. त्यानंतर उषा, आशा, शोभा, मंगला.

आणि मधूनमधून ‘बेबी’. हसू नका, नोंदच तशी आहे. मागच्या दिवाळीआधी एक आजी आल्या, बरोबर कॉलेजातला नातू. लेकीकडे अमेरिकेला जायचं होतं. नाव सांगितलं शुभदा. मी छप्पन-सत्तावन्नचं सगळं पाहिलं, शुभदा नाहीच. “लग्नाआधीचं नाव काय?” आजींनी नातवाकडे पाहिलं. “अरे, जरा खाली जाऊन रिक्षा मिळते का बघ.” तो जिना उतरल्यावर खिडकीत वाकून हळूच म्हणाल्या, “बेबी.” शाळेत घालायला आलेल्या वडिलांनी घरात हाक मारायचे तेच सांगितलं आणि मास्तरांनी तेच लिहून घेतलं. पुढे लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने ‘शुभदा’ लिहिलं. त्यानंतर थेट पासपोर्टपर्यंत कुणाला बेबीची गरज पडली नव्हती. दाखला हातात आल्यावर त्यांनी तो नातू वर यायच्या आत घडी घालून पर्समध्ये ठेवला.

त्या दिवसानंतर मी खिडकीवर पाटी लावली आहे: ‘लग्नाआधीचे नाव सांगावे. लग्नानंतरचे आमच्याकडे नाही.’ पुणेरी म्हणून हिचे फोटो काढतात लोक. नाव मात्र लग्नानंतरचंच सांगतात.

साठच्या दशकात मुली जन्मल्या त्या ‘ता’ लावून. सुनीता, अनिता, संगीता, सविता, कविता. मग ‘ली’ आली आणि सत्तरच्या दशकात तिने पेठा काबीज केल्या. वैशाली, रूपाली, सोनाली, दीपाली. जोडीला मनीषा, अर्चना, स्वाती. ही पानं मी जरा सावकाश उलटते, कारण त्यातलीच एक मी. वैशाली, जन्म ऑगस्ट १९७२.

माझं नाव आत्याने ठेवलं. पत्रिकेप्रमाणे दुसरंच अक्षर आलं होतं आणि आजीला मंगळागौरीत जन्मलेली म्हणून मंगल हवं होतं. आत्या तेव्हा बीएला इतिहास घेऊन होती. लिच्छवींचं गणराज्य, त्यांची वैशाली नगरी, हे सगळं तिने बारशाच्या आदल्या रात्री आजीला ऐकवलं म्हणे. आजी म्हणाली, “गावाचं नाव मुलीला?” आत्या म्हणाली, “मग द्वारका काय आहे?” दुसऱ्या दिवशी पाळण्याशी वाकून तिने कुर्रर्र केलं आणि विषय मिटला. अख्ख्या पुण्यात दुसरी वैशाली सापडणार नाही, असं बाबा घुगऱ्या वाटताना येईल त्याला सांगत होते.

पहिलीत मी तिसरी वैशाली होते. त्यातल्या एकीच्या वडिलांचं नावही माझ्या बाबांसारखंच सुरेश. बाबांच्या पिढीत सुरेश-रमेश-प्रकाश यांची लाट होती, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात यायचं? बाई आम्हाला मोठी वैशाली, चष्म्याची वैशाली आणि नुसती वैशाली म्हणायच्या. नुसती मी. सहामाहीला गणितात ११ मार्क पडले म्हणून आईने दोन दिवस बोलणं टाकलं. ते ११ निघाले मोठ्या वैशालीचे, माझे ३४ होते. उत्तरपत्रिका बदलून मिळाली, तरी आई फार खूश दिसली नाही.

मला वाटतं, सगळी गंमत इथेच आहे. आज जे नाव घाऊक वाटतं, ते ठेवणाऱ्याला सगळ्यात नवं वाटलेलं असतं. रूढी म्हणून कुणीच वैशाली ठेवली नाही, उलट गोदावरी-मंगल नको म्हणून ठेवली. नवीन नाव शोधायला सगळे एकाच वेळी बाहेर पडले आणि एकाच दुकानात भेटले. आता तर ओळख करून दिली की समोरचा हटकून “फर्ग्युसन रस्त्यावरची का?” असं विचारतो. हॉटेलं तरी काय, वैशाली नाहीतर रूपाली! सोनालीचंही तेच. सोनाली कुलकर्णी या एकाच नावाच्या दोन अभिनेत्री, दोघीही पुण्याच्या. एक १९७४ ची, दुसरी १९८८ ची. म्हणजे हे नाव चौदा वर्षं टिकून होतं. हा अपवाद. एरवी दहा वर्षांत नाव शिळं होतं.

जवळच्या पिढीचं नाव पुन्हा का येत नाही, यालाही कारण आहे. पूर्वी सासूचं नाव सुनेने तोंडाने घ्यायचं नाही. मग लेकीला त्याच नावाने हाक मारून रागवायचं कसं? आता ते बंधन नाही, पण सवय तशीच. पणजीच्या नावाला मात्र हरकत नसते. राधा, रमा, जानकी परत आल्यात. सुनीता एकही नाही.

नक्षत्रांमध्येही निवड चालते बरं का. सत्तावीस आहेत, पण रजिस्टरात रोहिणी, चित्रा, स्वाती, अनुराधा, अश्विनी यांची गर्दी. भरणी किंवा मघा नावाची मुलगी मला अजून दिसलेली नाही. मूळ तर कोण ठेवणार!

पुढच्या पानांवर पल्लवी, स्नेहल, प्राजक्ता, पूजा, प्रियांका, सायली. ऐश्वर्या दिसली की मी जन्मसाल १९९४ च्या मागे सहसा जात नाही. ती राय त्या वर्षी मिस वर्ल्ड झाली. हल्लीचे अर्ज येतात त्यात मायरा आणि कियारा असतात. काही आईबाप बजावून सांगतात, “मॅडम, इंग्रजीत दोन ‘ए’ घाला, अंकशास्त्रात तसं आलंय.” घालते. मराठी रकान्यात त्या जादा ‘ए’चं काय करायचं, ते त्या अंकशास्त्रवाल्यालाच विचारायला हवं.

एक मात्र बदललं आहे. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं आहे. आईचं नाव आमच्याकडे वेगळ्या रकान्यात असतंच, आता ते पूर्ण नावाच्या मधोमध येईल. या मुली जून २०३० मध्ये पहिलीत येतील. ऑगस्टअखेर मी निवृत्त. म्हणजे एक प्रवेशाचा हंगाम मला मिळतोय. पहिल्या नावाचं सांगता येत नाही, पण दुसऱ्या जागी पूजा, प्रियांका, सायली असणार. त्यातल्या बऱ्याचजणी मीच नोंदवलेल्या आहेत, निळ्या शाईने. त्यांना खिडकीवरची पाटी दाखवायला लागणार नाही.