हरेगावची पायी वारी आणि दादाचं नाव

सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला किती लोक लोटतात ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटायचं नाही. ८ सप्टेंबर पवित्र मरियेचा जन्मदिवस, त्याच्या आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, आणि मग नगर, नाशिक, मराठवाडा सगळीकडनं पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर भरून माणसं. काही गावं पायी येतात. आमचं गाव गंगापूर तालुक्यातलं, कायगाव टोक्याला गोदावरीचा पूल ओलांडायचा, प्रवरासंगम, नेवासा, टाकळीभान करत श्रीरामपूरच्या अलीकडे हरेगाव. यंदा मी पण पायी निघाले, आईसाठी. तिला अर्धांगवायू झालाय, डावा हात हलत नाही.

पण मनात दुसरंच होतं, आणि ते लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाबा गेल्यावर दादा म्हणाला वारस नोंदीला सही लागते, रजिस्ट्रार ऑफिसला ये. कागद बघू का म्हणलं तर म्हणाला, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" मी सही केली. पुढं सातबारा काढला तर माझं नावच नाही, तो कागद हक्कसोडपत्राचा होता. जमीन काही फार नाही, कोरडवाहूच, पण ते विश्वासाचं वाक्य मला रात्री झोपेत ऐकू यायचं. माहेर बंद झालं. आई दादाकडे, म्हणून आईचं तोंड बघायचं तर दवाखान्यात नाहीतर मावशीच्या घरी.

आता पायी चालताना रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, चालूच असते, एक गट प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणतो आणि मागचा गट उरलेला, पायाला त्यानं ताल मिळतो. पाच दशकांच्या, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच भागांच्या, एका रोझरीत 'आमच्या बापा', येशूनं शिकवलेली प्रार्थना, सहा वेळा येतं. आणि त्यात ते आहेच ना, आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो तशी आम्हाला कर. तिथं आलं की माझा आवाज बसायचा. बाकी सगळं खड्या आवाजात म्हणायचे, तेवढी ओळ तोंडातल्या तोंडात. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना, कधी अडकले नव्हते, आणि आता दिवसभरात इतक्या रोझऱ्या म्हणजे ती ओळ किती वेळा समोर येणार, पळायला जागाच नाही.

माझ्या बाजूला एक मावशी चालायच्या, सत्तरीच्या असतील. प्रवरासंगमच्या पुढे माझ्या टाचेला मोठा फोड आला तर त्यांनी मला बाभळीखाली बसवलं, पिशवीतनं सुईदोरा काढला, सुई काडीच्या जाळावर धरली, फोडात एका कडेनं घालून दुसरीकडनं काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. "वरची कातडी काढायची नाही बाई, पाणी हळूहळू निघू दे, तीच कातडी आतल्याला सांभाळती." मग माझ्या पायाकडं बघतच विचारलं, "त्या ओळीला कुणाचं नाव येतं गं तुझ्या मनात?" म्हणजे त्यांच्या कानावर आलं होतं. मी म्हणलं, भावाचं. त्या म्हणाल्या, "मग नाव घे की. राग जायची वाट बघत बसशील तर मरेपर्यंत बसशील. माझ्या पोराची दारू सुटावी म्हणून मी येती, अजून सुटली नाही. तरी येती." बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात ती विधवा आहे ना, न्याय मागत न्यायाधीशाच्या दारात रोज उभी राहणारी, ती मला आतापर्यंत गोष्टीतली बाई वाटायची. ती माझ्या पायाशी बसून दोरा कापत होती.

नेवाशात रात्री मुक्काम. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली ते गाव, १२९० साल, ज्ञानेश्वर ज्याला टेकून बसले म्हणतात तो पैसाचा खांब अजून आहे तिथं. आमच्यातल्या पोरांनी टाळ काढले आणि ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं झाली, टिळक तर नगरलाच राहिलेले, तुकोबांच्या पुलावरनं ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे. भजनानंतर सोबतच्या फादरांनी सिस्टर राणी मारिया यांच्याबद्दल सांगितलं. १९९५ मध्ये इंदूरकडे, गरीब शेतमजुरांची बाजू घेतात म्हणून त्यांना बसमधनं ओढून भोसकून मारलं. आणि त्यांची सख्खी बहीण, त्या पण सिस्टरच, मारेकऱ्याला भेटायला जेलमध्ये गेल्या आणि त्याच्या हाताला राखी बांधली. मी ते ऐकून उठून बाहेर आले. राखीपौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, माझ्या घरी कुणाचा हात नव्हता.

पण एक सांगते, मला राग पण आला. बायकांना माफ कर माफ कर म्हणायला सगळे पुढं असतात, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा गप्प बस असाच असतो. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा आहे, त्यात आईला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी सारखेच, किती घरांत हे माहीत आहे? हरेगावला पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढं आपली पापं कबूल करायला, बसले तेव्हा मी फादरांना हेच विचारलं, दादाला माफ करायचं म्हणजे जमीन सोडायची का. फादर म्हणाले, नाही, चोरी ती चोरीच, तू त्याचं वाईट चिंतायचं सोड, हिस्सा माग. मला ग्लॅडिस स्टेन्स आठवल्या, १९९९ मध्ये ओडिशात त्यांचा नवरा आणि दोन लहान मुलं गाडीत जिवंत जाळली, त्यांनी माफ केलं असं जगाला सांगितलं, कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं, आणि कोर्टात खटला त्याच्या वाटेनं चाललाच, आरोपींना शिक्षा झालीच. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला त्या गर्दीत उभं राहून पटलं.

त्याच्या आधी, चालायच्या शेवटच्या दिवशी, टाकळीभान सोडल्यावर दोन्ही बाजूला ऊस, मी प्रत्येक मण्याला दादाचं नाव घेत होते. पहिल्यांदा दात आवळूनच. मग कधीतरी तो लहानपणी मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून शाळेत न्यायचा ते आलं डोळ्यापुढं, मी काही आठवायला गेले नव्हते. पुढच्या 'आमच्या बापा'ला आवाज निघाला, पूर्ण नाही पण मागच्या बाईला ऐकू गेला असेल एवढा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत राग होताच. किती वेळा माफ करायचं, तर सात गुणिले सत्तर वेळा, असं प्रभू येशू त्यांच्या शिष्याला, पेत्राला म्हणाले ते वेगवेगळ्या अपराधांसाठीच असेल असं मी धरून चालले होते, मला वाटतं एकाच अपराधासाठी पण तितक्यांदा माफ करावं लागतं, कारण तो रोज नव्यानं टोचतो.

आईचा हात हलायला लागला का, तर नाही. चमत्कार झाला म्हणून लोकांपुढं साक्ष द्यायला उभं राहावं असं माझ्याकडे काही नाही. झोप मात्र लागते आता.

घरी येऊन दादाला फोन केला. म्हणलं, दादा, मी तुला माफ केलंय, रोज करते, आणि वकिलाकडे पण गेले, ते हक्कसोडपत्र रद्द करायला दावा टाकतेय, तुला दुसऱ्याकडनं कळायला नको म्हणून सांगते. आणि रविवारी मी आईला भेटायला तुझ्या घरी येणार आहे. तो बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला दुपारी ये, सकाळी मिस्साला, चर्चच्या प्रार्थनेला, जातो आम्ही. मी म्हणलं मग मिस्सालाच येते, आईला खुर्चीवरनं न्यायला दोघं लागतील.