यादीत नसलेला शब्द

आज भाचीने माझी चांगलीच जिरवली. तिचं सायकॉलॉजीचं प्रॅक्टिकल, त्यात मी गिनीपिग. कागदावर पंधरा शब्द, उशी, पांघरूण, जांभई, स्वप्न, डुलकी, घोरणं, अंगाई असे, एकदा वाच आणि कागद परत दे म्हणाली, मग थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून आता आठवतील ते लिही. मी फटाफट लिहिले आणि वर 'झोप' तर पक्का होता, जांभईच्या खालीच, असं छातीठोकपणे सांगितलं. कागद बघतो तर झोप कुठेच नाही!! अहो मला तो शब्द तिच्या अक्षरात दिसत होता..

हे प्रॅक्टिकल म्हणे जुनं आहे, जेम्स डीझ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली केलेलं, मग १९९५ मध्ये रोडिगर आणि मॅकडरमॉटने परत केलं, त्यांच्या पहिल्या प्रयोगात असा यादीत नसलेला शब्द लोकांनी साधारण ४० टक्के वेळा लिहिला, म्हणजे मी एकटाच येडा नाही. सगळे शब्द एकाच शब्दाकडे बोट दाखवतात, तो डोक्यात आपोआप जागा होतो आणि नंतर तो वाचला होता की नुसता मनात आला होता हेच कळत नाही. आधी सावध केलं तरी चुका कमी होतात, पण पूर्ण जात नाहीत (हे ऐकून जरा बरं वाटलं).

मग उगाच गेल्या महिन्यातलं भांडण आठवलं, 'नक्की येतो असंच लिहिलं होतंस तू' म्हणून मित्राला केवढं सुनावलं होतं मी. आत्ता तो मेसेज उघडून बघितला. 'बघतो' लिहिलंय.