बॅरल, बरणी आणि चव्वेचाळीस लिटर: काकांच्या इंजिनाची पुढची नोंद

मागच्या हिवाळ्यात काकांचं विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन दोन तास चाललं आणि गप्प झालं, तिथपर्यंतची कथा मागच्या नोंदीत आली. कारण आता सापडलंय, आणि चूक माझीच होती.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या, डिझेलचे पंप-नोझल दुरुस्त करणाऱ्या अण्णांनी इंजिनाचा डिझेल-पंप खोलला आणि प्लंजर, म्हणजे पंपात डिझेल रेटणारा दट्ट्या, माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीहून बारीक, आरशासारखा चकचकीत स्टीलचा तुकडा. त्याच्या मधोमध मसुराच्या डाळीएवढा तपकिरी डाग. "नीरु," अण्णा कन्नडमध्ये एवढंच म्हणाले. पाणी. प्लंजर आणि त्याच्या घरात फट असते दोन-तीन मायक्रॉनची. आपला केस सत्तरएक मायक्रॉनचा. तेवढ्या फटीत गंजाचा डाग उठला म्हणजे विषय संपला. त्या फटीला वंगण डिझेलचंच असतं, वेगळं ऑइल तिथे पोचत नाही. डिझेलऐवजी पाणी आलं की धातूवर धातू घासतो.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: काकांचं इंजिन किर्लोस्कर एव्ही-१, एक सिलिंडर, ५ एचपी, १५०० आरपीएम, पाण्यावर थंड होणारं. बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०. येळ्ळूरच्या शिवारात विहिरीवर बसवलेलं. काका असताना बासमतीच्या रोपाला पाणी यानंच दिलं. (लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवात आपल्या बेळगावातच केली, १८८८ मध्ये सायकलच्या दुकानातून. किर्लोस्करवाडी वसली ती १९१० मध्ये. त्यामुळे हे इंजिन माहेरी आलंय, असं मी काकींना सांगतो. त्या हसत नाहीत.)

इंजिनाबरोबर वारशात आलं एक बॅरल. काकांनी भरलेलं, २०१९ च्या पावसाळ्याआधीचं. स्वस्तात डिझेल म्हणून तेव्हा महाराष्ट्रातले ट्रकवाले हद्द ओलांडून आपल्याकडे कर्नाटकात टाकी भरायचे, तर आपण का भरून ठेवू नये, असा काकांचा हिशोब. ते डिझेल मी गेल्या वर्षी धोतराच्या फडक्यातून गाळलं आणि सरळ टाकीत ओतलं. दिसायला स्वच्छ होतं. त्या स्वच्छपणाची किंमत म्हणजे तो डाग.

७ डिसेंबर

काठी घालून मोजलं. तळापासून २४ सेंटिमीटर, म्हणजे साठएक लिटर. काठी बाहेर काढली तर खालची दोन बोटं वेगळ्याच रंगाची आणि टोकाला काळी शेवाळासारखी लोळी. वास डिझेलचा नाही, तुंबलेल्या गटाराचा.

काकींचं म्हणणं, २०१९ च्या ऑगस्टात बळ्ळारी नाल्याचं पाणी शेडमध्ये शिरलं तेव्हाच बॅरल बाटलं. मला ते पटत नव्हतं, कारण पाणी घोट्याच्या वर गेलं नव्हतं आणि बॅरलचं बूच आहे वर, कमरेच्या उंचीवर. मग शेडचं छप्पर बघितलं. बॅरलच्या बरोबर वर पत्र्याला भोक. पुरानंतर वाऱ्यानं पत्रा उचलला तो तसाच राहिला. उभ्या बॅरलच्या माथ्याला कड असते, त्यात पावसाचं पाणी साचतं. दिवसा बॅरल तापतं, आतली हवा फुगते, बुचाच्या आट्यांतून थोडी बाहेर जाते. रात्री गार झालं की बॅरल श्वास आत घेतं, आणि बुचाभोवती पाणी साचलेलं असेल तर हवेऐवजी पाणी पितं. एका रात्रीत चमचाभर. असे सहा पावसाळे.

ज्यांचं बॅरल उभं आणि उघड्यावर असेल त्यांनी आजच ते आडवं करावं, दोन्ही बुचं तीन आणि नऊच्या काट्यावर येतील असं. किंवा निदान तिरकं ठेवावं, दोन्ही बुचं साचलेल्या पाण्याबाहेर राहतील असं.

८ डिसेंबर

लोणच्याची काचेची बरणी घेतली, काकींना न विचारता. तळातून नळीनं ओढून भरली. पहिल्या मिनिटाला सगळं चहासारखं गढूळ. पाव तासात खाली पाणी दिसायला लागलं. तासाभरात तीन थर: तळाला मळकट पाणी, वर मधासारखं डिझेल, आणि दोघांच्या मध्ये एक काळपट पदर, दुधावरच्या सायीसारखा. बरणी हलवली की तो फाटतो, झिरमिळ्या होऊन लोंबतो आणि पुन्हा जागेवर येऊन बसतो.

तो पदर जिवंत आहे. बुरशी आणि जिवाणू, पाण्यात राहून डिझेल खाणारे. राहायला पाणी, खायला डिझेल, म्हणून त्यांची वस्ती बरोबर सीमेवर. (आम्हा सीमाभागवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.) ते आम्ल सोडतात, आणि बॅरल आतून गंजतं ते नुसत्या पाण्यापेक्षा त्यामुळे जास्त. पाणी काढलं की त्यांचं घर मोडतं. फिल्टर त्यांना फक्त अडवतो, आणि अडवता अडवता स्वतः बुजतो.

काकींनी बरणी बघितली. आधी बरणीबद्दल जे बोलायचं ते बोलल्या, मग म्हणाल्या, "तुरटी फिरव की जरा, निवळेल." कल्पना वाईट नाही, पण तुरटी विरघळते पाण्यात. तिथे ती मातीच्या कणांना एकत्र गोळा करून तळाला नेते. डिझेलमध्ये ती विरघळतच नाही, खडा तसाच पडून राहतो. निवळीच्या बीचंही तेच.

१४ डिसेंबर

आता कबुली. प्लंजरवरून शहाणपण यायला हवं होतं, पण मी आधी फिल्टरच आणला. ट्रॅक्टरचा जोड-वाटीचा फिल्टर, भंगारात मिळाला. पहिल्या वाटीत कापडी एलिमेंट (गाळणारा भाग), दुसरीत कागदी. दोन्ही नवे घातले, हातपंप जोडला आणि बॅरलच्या मधूनच ओढायला सुरुवात केली. आठ लिटरनंतर हातपंपाचं हँडल दगड झालं. ते आठ लिटर परत बॅरलातच.

कागदी एलिमेंट हॅकसॉनं उभा कापून उघडला. घड्यांमध्ये काळा बुळबुळीत लेप, बोटानं खरवडला तर आंब्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा सुटतो. खालच्या घड्या पाण्यानं फुगून एकमेकींना चिकटलेल्या. कागद पाणी शोषतो, फुगतो आणि मग डिझेलही जाऊ देत नाही. नाहीतर फाटतो आणि सगळंच जाऊ देतो, ते त्याहून वाईट. फडक्याचं म्हणाल तर धोतराची वीणच इतकी मोठी की त्यातून फक्त पाने-किडे अडतात, वर त्याचे स्वतःचे तंतू डिझेलमध्ये उतरतात.

शेजारच्या शेतातला मित्र बांधावरून: "काय करालास गा? डिझेलची भट्टी लावलास काय?"

दोन एलिमेंट वाया. दुसऱ्या दिवशी अण्णांना कापलेला कागद दाखवायला नेला. त्यांनी बघितलाही नाही. म्हणाले, "स्वल्प तडीरी." जरा थांबा. मला वाटलं गिऱ्हाईक आहे म्हणून थांबायला सांगतायत. दहा मिनिटं स्टुलावर बसलो. मग कळलं, तेच उत्तर होतं.

डिसेंबर ते मार्च

थांबण्याचा हिशोब मांडला. थेंब किंवा कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर चालतो. व्यास दहावा भाग झाला की वेग शंभरावा. पाण्याची घनता १, डिझेलची ०.८३ च्या आसपास, आणि माझ्या बॅरलात उंची २४ सेंटिमीटर. त्यावरून १०० मायक्रॉनचा थेंब पाव तासात तळाला. १० मायक्रॉनचा दिवसाहून थोडा जास्त. ५ चा चार-पाच दिवस. १ मायक्रॉनचा साडेतीन महिने. हे सगळं बॅरल हललं नाही तर. प्रत्यक्षात दिवसा पत्रा तापतो, आतलं डिझेल वरखाली फिरतं, त्यामुळे कागदावरच्या हिशोबात भर धरायची.

पत्रा दुरुस्त केला. बॅरलच्या एका बाजूखाली दीड वीट सरकवली, म्हणजे पाणी एका कोपऱ्यात गोळा होईल. दोन आठवड्यांनी नळीचं टोक त्या कोपऱ्यात टेकवून हातपंपानं सावकाश ९ लिटर काढले: पाणी, साय आणि त्यावरचं गढूळ डिझेल. मग बॅरलला हात लावला नाही. (नळी तोंडानं ओढू नका. डिझेलचा घोट फुप्फुसात गेला तर पंपापेक्षा महागात पडतो.)

जानेवारीत एक गंमत दिसली. वरच्या थरातलं डिझेल बरणीत घेतलं होतं. दुपारी आरपार, पलीकडचा राजहंसगड दिसावा इतकं स्वच्छ. पहाटे थंडीत तेच धुकट. डिझेलमध्ये थोडंसं पाणी विरघळूनही असतं, गार झालं की ते बारीक थेंबांनी बाहेर येतं. विरघळलेलं पाणी कुठलाही कागद अडवत नाही. म्हणून उपसा थंडीतल्या सकाळी करायचा, जे बाहेर यायचं ते येऊन बसल्यावर. हे मला आधी सुचलं नव्हतं, बरणीनं सांगितलं.

दरम्यान त्या डिझेलचं वजन केलं. २८ अंशाला ५०० मिलिलिटरचं ४१३ ग्रॅम, म्हणजे ०.८२६. घनता १५ अंशाची धरतात, तिथे आणली तर ०.८३५ च्या आसपास, डिझेलच्या मर्यादेत. रॉकेल मिसळलेलं असतं तर आकडा खाली आला असता. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून वाळवला, कडेला पिवळसर कडं राहिलं. जुन्या डिझेलचा डिंक. तो विरघळलेला असतो, त्यामुळे फिल्टरमधून मजेत निघून जातो. त्यावर उपाय एकच, ताज्या डिझेलमध्ये मिसळून पातळ करणं.

हे डिझेल बीएस-४ (भारत स्टेज, प्रदूषणाचं सरकारी मानक) च्या काळातलं, ५० पीपीएम, म्हणजे दहा लाखात ५० भाग गंधकाचं. १ एप्रिल २०२० पासून १० पीपीएमचं बीएस-६ आलं. जुन्या पंपाला त्यानं फरक पडतो का, यावर आपल्या जुन्या इंजिनवाल्यांत वाद आहेत. माझा पंप गंधकानं नाही, पाण्यानं गेला.

मार्चचा शेवटचा आठवडा

तीन सकाळी, साडेसहा ते साडेनऊ. सकाळीच का, तर आपल्याकडे डिझेलच्या फ्लॅश पॉइंटची (ज्या तापमानाला वाफ ठिणगीनं पेटू शकते त्याची) किमान मर्यादा ३५ अंश आहे, आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पारा सहज त्यावर जातो. तेव्हा डिझेल पेट्रोलसारखं वागू शकतं. डबे सगळे पत्र्याचे, एकमेकांना तांब्याच्या तारेनं जोडून तार जमिनीत ठोकलेल्या पहारीला. कागदातून वाहणारं इंधन स्थितिक वीज गोळा करतं, प्लास्टिकच्या बादलीत ती तशीच बसून राहते.

नळीचं टोक काठीला बांधलं, तळापासून चार बोटं वर राहील असं. वरून वरून ४४ लिटर काढले, उरलेल्या सातला हात लावला नाही. डबा शेडच्या तुळईला टांगला, खाली तीच जोड-वाटी नव्या एलिमेंटसह. हातपंप नाही, फक्त उंचीचा दाब. लिटरला बारा मिनिटं. पंपानं रेटलं की थेंब फुटून आणखी बारीक होतात आणि कागदातून निसटतात. सावकाश गेलं की पहिल्या वाटीतच एकमेकांना मिळून तळाला बसतात.

४४ लिटरनंतर कागद कापून बघितला. घड्या राखाडी, पण कोरड्या आणि सुट्या. तसल्याच कागदानं डिसेंबरात आठ लिटरला मान टाकली होती.

त्याच शेडमध्ये काकांच्या स्कूटरच्या टाकीत चारेक लिटर जुनं पेट्रोलही आहे. ते गाळणार का, असं दोघांनी विचारलंय. नाही. पेट्रोलची वाफ कुठल्याही हवामानात पेटते. शिवाय त्यात इथेनॉल असतं (बहुधा आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं), आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. खालचा थर काढलात तर इथेनॉल गेलं, उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन उतरला, हलका भाग तर केव्हाच उडून गेलेला. गाळून यातलं काहीच परत येत नाही.

काढलेले ९ लिटर झाकणबंद डब्यात आहेत, जळकं ऑइल नेणाऱ्याला देणार. विहिरीच्या आसपास ओतायची कल्पना ज्यानं मांडली त्याचं नाव घेत नाही, तो बांधावरूनच बोलतो.

६ एप्रिल

नवीन प्लंजर घातला. नोझल, म्हणजे सिलिंडरात डिझेलचा फवारा मारणारा भाग, अण्णांनी तपासून दिलं. ते टेस्टरवर दांडा दाबतात आणि कानानं ऐकतात, चांगलं नोझल करकरतं. टाकीत निम्मं ताजं, निम्मं बॅरलचं. डिझेलच्या नळीतली हवा काढली, डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरातला दाब सोडणारं) उचललं, हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला धरलं. पहिली दोन मिनिटं पांढरा धूर, मग साफ. चाळीस मिनिटं पाणी उपसलं. काकी विहिरीच्या कठड्यापाशी उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. आवाज थांबल्यावर म्हणाल्या, "बरणी धुतलास काय?"

संध्याकाळी पहिल्या वाटीचा खालचा स्क्रू सैल केला. आधी स्वच्छ डिझेल, आणि त्यात तळहातावर गोल बसलेले दोन थेंब, मोहरीएवढे. पाणीच. टाकीतलं की ताज्या डिझेलमधलं, ते कळायला ताज्याची वेगळी बरणी लावली आहे. काकींनी दुसरी द्यायला नकार दिला, तर यावेळी फळांच्या रसाची बाटली.