गांजा सोडायचा तर परीक्षेच्या महिनाभर आधी

रोज ओढणाऱ्या विद्यार्थ्यांचं एक गणित हमखास चुकतं. सत्रभर संध्याकाळचा जॉइंट, म्हणजे गांजा भरलेली सिगारेट, चालू असतो. परीक्षा चार दिवसांवर आली की "आजपासून बंद" असं ठरतं, आणि पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. घाम फुटतो, जेवण जात नाही, कोणी काही विचारलं तरी अंगावर धावून जावंसं वाटतं. मग दुसऱ्या पेपरआधी पुन्हा दोन झुरके मारले जातात, बरं वाटतं, आणि आपलं डोकं गांजाशिवाय चालतच नाही अशी खात्री पटते. डोक्याचा यात काही दोष नसतो, सोडण्याची तारीख चुकलेली असते.

गांजा, चरस, भांग, काहीही घेतलं तरी नशा आणणारं मुख्य रसायन एकच, टीएचसी. राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी ते १९६४ साली शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. मेंदूत ते सीबी१ नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या रसायन पकडणाऱ्या जागेवर, जाऊन बसतं. हे रिसेप्टर मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात दाटीने असतात, आणि नवीन माहितीची नोंद घेण्याचं काम तिथेच चालतं. त्यामुळे नशेत जुनं बऱ्यापैकी आठवतं, पाढे, गाण्यांच्या ओळी वगैरे. आत्ता वाचलेलं मात्र टिकत नाही. त्यातही वाईट हे, की वाचणाऱ्याला ते त्या वेळी कळत नाही. समोरचं वाक्य समजतं, रंजकही वाटतं. पान उलटलं की पुसलं जातं.

गणितात हे सगळ्यात आधी उघडं पडतं. तिसऱ्या ओळीत वजा चिन्ह कंसाबाहेर काढलं, हे सहाव्या ओळीपर्यंत डोक्यात धरून ठेवावं लागतं. टीएचसी नेमकं हे धरून ठेवणंच ढिलं करतं. उत्तर चुकतं, पण पद्धत पूर्ण माहीत असल्यामुळे विद्यार्थी "सिली मिस्टेक" म्हणून सोडून देतो. एकाच वहीत अशा दहा सिली मिस्टेक सापडल्या तर त्यांना सिली म्हणण्यात अर्थ नाही. मोठा निबंध भाषेच्या जोरावर रेटून नेता येतो, इंटिग्रेशन रेटता येत नाही.

याचा जवळजवळ आयता प्रयोग नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहरात झाला. २०११ साली तिथल्या गांजा विकणाऱ्या कॉफी शॉपमध्ये डच, बेल्जियन आणि जर्मन सोडून बाकी परदेशी लोकांना प्रवेश बंद झाला. विद्यापीठ तेच, परीक्षा त्याच, फक्त काही देशांच्या विद्यार्थ्यांना कायदेशीर गांजा मिळेना. ऑलिव्हिए मारी आणि उल्फ त्सोलिट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी निकाल तपासले, तेव्हा बंदी आलेल्या विद्यार्थ्यांची विषय पास होण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. सर्वाधिक फरक आकडेमोडीच्या विषयांत होता.

बुद्ध्यांकाची भीती घालणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन अभ्यासाचा आकडा सगळे सांगतात: किशोरवयात सुरुवात करून वर्षानुवर्षं ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यांक ३८व्या वर्षापर्यंत ८ गुणांपर्यंत घसरला. पण पुढे जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांत ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या जुळ्यांमध्ये म्हणावा तसा फरक निघाला नाही, म्हणजे घरची परिस्थितीही त्यात मिसळलेली असणार. शाळा पूर्ण होण्याबाबतचा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या तीन दीर्घकालीन अभ्यासांच्या २०१४ सालच्या एकत्रित विश्लेषणात, १७ वर्षांच्या आत रोज ओढणाऱ्यांची शालेय शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता न ओढणाऱ्यांपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त घटलेली दिसली. इथेही सगळा दोष एकट्या गांजाचा असं म्हणता येणार नाही. पण वय आणि 'रोज' हे दोन शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

आता तारखांकडे. ओढलेल्या गांजाचा असर काही मिनिटांत सुरू होतो आणि साधारण दोन ते चार तास राहतो. खाल्लेला चढायला अर्धा ते दोन तास घेतो आणि सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त, उतरत नाही. "काहीच होत नाहीये" म्हणून तासाभराने आणखी खाल्ला की रात्र जाते आणि सकाळचं लेक्चरही. झोपेचं म्हणाल तर टीएचसीने झोप लवकर लागते, पण स्वप्नांची, म्हणजे रेम झोप कमी होते. सोडल्यावर ती उसळून परत येते, म्हणून विचित्र, ठसठशीत स्वप्नं पडतात. ती पडणारच, घाबरण्याचं कारण नाही.

रोजचा गांजा बंद केला की एक ते तीन दिवसांत त्रास सुरू होतो, पहिल्या आठवड्यात टोकाला जातो आणि दोनेक आठवड्यांत बराचसा ओसरतो. झोप रुळायला महिनाही लागू शकतो. रोजच्या टीएचसीने दबलेले सीबी१ रिसेप्टर साधारण चार आठवड्यांत पूर्ववत होतात. १६ ते २५ वयाच्या मुलामुलींवर अमेरिकेत झालेल्या २०१८च्या एका अभ्यासात, गांजा थांबवणाऱ्यांची नवीन गोष्टी शिकण्याची क्षमता पहिल्याच आठवड्यात सुधारली. पेपर सुरू होण्याच्या किमान चार आठवडे आधीची तारीख धरायची ती यासाठी.

प्रमाण जास्त असेल तर त्या तारखेआधी दोन आठवडे कमी करत या. दिवसातला पहिला जॉइंट आधी काढा, कारण पुढचा सगळा दिवस तोच खातो. तंबाखू मिसळत असाल तर सोडण्याच्या दिवसात दोन व्यसनं आहेत हे धरून चाला. पुष्कळदा तलफ निकोटिनची असते आणि बिल गांजाच्या नावावर फाटतं. अशा वेळी निकोटिनच्या च्युइंगगमबद्दल डॉक्टरांना विचारावं. झोपेसाठी दारूकडे वळू नका, पहाटे तीनला जाग येते आणि दुसरी सवय लागते ती वेगळी. पहिल्या आठवड्यात नवा अवघड धडा काढू नये. सकाळी पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या बैठका करून सोडवलेली उदाहरणंच पुन्हा सोडवावीत. आणि मोजमाप ठेवा: दोन अनोळखी पानं वाचायची, पुस्तक मिटायचं, वीस मिनिटांनी आठवतील ते मुद्दे कागदावर लिहायचे. सोडण्याच्या आदल्या दिवशी, मग ७व्या, १४व्या आणि २८व्या दिवशी. मुद्दे वाढताना दिसले की पुढे कोणी समजवावं लागत नाही.

आठवडाच उरला असेल तर? तेव्हा प्रमाण निम्म्यावर आणा, अभ्यासाआधी आणि पेपरच्या दिवशी अजिबात नको, आणि पूर्ण बंद करायची तारीख शेवटच्या पेपरनंतरची ठरवा.

हे सगळं बाजूला ठेवून थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं ते आवाज ऐकू येत असतील, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटत असेल, किंवा घरात कोणाला स्किझोफ्रेनिया असेल तर. वारंवार उलट्या होऊन फक्त गरम पाण्याच्या आंघोळीने आराम पडत असेल, तर तेही गांजाचंच लक्षण असू शकतं. डॉक्टरांना गांजाचं सांगितलं नाही तर नुसत्या तपासण्या होत राहतात.

पालकांसाठी आणि वसतिगृह चालवणाऱ्यांसाठी एवढंच की लघवीच्या तपासणीवर भिस्त ठेवू नका. टीएचसी चरबीत साठतं. रोज ओढणाऱ्याने सोडल्यावरही तीन-चार आठवडे रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो, त्यामुळे पंधराव्या दिवशीच्या रिपोर्टवरून मुलगा खोटं बोलतोय असं ठरवता येत नाही. तपासणी करायचीच असेल तर पहिली सोडण्याच्या दिवशी करा आणि पुढची महिना उलटल्यावर.